एकच भाव

जुन्या कापडदुकानांत एक पाटी हमखास दिसे. एकच भाव. काही ठिकाणी तिच्या शेजारी, कृपया घासाघीस करू नये, अशी जोडपाटीही असे. गिऱ्हाईक ती वाचून न वाचल्यासारखे करी आणि दुकानदारही पुष्कळदा तिच्याकडे पाठ करून दोन रुपये सोडून देई. पाटी लावणे सोपे, पाळणे कठीण. न्यूयॉर्क शहरात ही पाटी अर्धशतक पाळून अफाट श्रीमंत झालेला एक व्यापारी एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. अमेरिकेचे अर्थमंत्रिपद त्याच्या अगदी हाताशी आले होते. ते गेले, कारण सरकारच्या दारावरही तशीच एक पाटी लावलेली निघाली. ती ऐंशी वर्षांपूर्वीची होती आणि तिच्यावरची धूळ कोणी झटकलेली नव्हती.

अलेक्झांडर टर्नी स्ट्युअर्ट हे त्यांचे नाव. आपल्याकडे ते फारसे कानावर पडत नाही. पण १८६० च्या दशकात अमेरिकेत श्रीमंतीचे उदाहरण द्यायचे झाले, तर अ‍ॅस्टर आणि व्हँडरबिल्ट यांच्या जोडीने लोक त्यांचे नाव घेत.

ते आज आठवण्याचे कारण उघड आहे. २० जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांचा दुसरा शपथविधी झाला. कडाक्याच्या थंडीमुळे तो कॅपिटॉलच्या घुमटाखाली घेण्यात आला. जागा मोजकी होती. त्या मोजक्या जागेत एलॉन मस्क, जेफ बेझोस, मार्क झुकेरबर्ग आणि सुंदर पिचाई ही तंत्रज्ञानाच्या जगातली बडी मंडळी बसली होती, आणि नियोजित मंत्री त्यांच्या मागे. घरोघरच्या दूरचित्रवाणीवर ते दृश्य दिसले आणि जगभर प्रश्न उमटला, की सत्तेच्या पंगतीत पहिले पान कोणाचे? हा प्रश्न अमेरिकेला नवा नाही. स्ट्युअर्ट यांच्या निमित्ताने तो १८६९ साली विचारून झाला होता.

स्ट्युअर्ट यांचा जन्म १८०३ सालचा, आयर्लंडच्या उत्तरेकडील लिस्बर्न गावाजवळचा. हा भाग तागाच्या तलम कापडासाठी प्रसिद्ध. वडील मूल तान्हे असतानाच गेले. आईने दुसरे लग्न केले आणि ती अमेरिकेला निघून गेली. पोर आजोबांकडे वाढले. नातवाने धर्मोपदेशक व्हावे अशी आजोबांची इच्छा होती. पण आजोबा वारले आणि हा मुलगा न्यूयॉर्कला आला. काही काळ त्याने शाळेत शिकवले. मग वारशाचे पैसे हाती आले, तेव्हा ते त्याने आयरिश कापड आणि लेस यांत घातले आणि १ सप्टेंबर १८२३ रोजी ब्रॉडवेवर एक लहानसे दुकान उघडले. वय विशीच्या उंबरठ्यावर. त्याच वर्षी कॉर्नेलिया क्लिंच यांच्याशी विवाह झाला. पुढे संपत्ती मोजता येईना इतकी झाली. पण मुले जगली नाहीत. त्या घरात शेवटपर्यंत नवराबायको दोघेच राहिली.

त्या काळी खरेदी म्हणजे एक लढाईच असे. दुकानदार गिऱ्हाइकाच्या पेहरावाकडे पाहून भाव सांगे, गिऱ्हाईक निम्म्यावर येई आणि मग तासभर रस्सीखेच चाले. स्ट्युअर्ट यांनी ही पद्धतच मोडली. मालाला एक किंमत, आणि ती सर्वांना सारखी. बग्गीतून उतरलेल्या बाईसाहेबांना जो भाव, तोच पायी आलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाईला. आत येणाऱ्याने काही घेतलेच पाहिजे अशी सक्ती नाही. नुसते पाहून जायलाही मोकळीक. मालातला दोष झाकायचा नाही. नफा थोडा, पण उलाढाल दांडगी. आज यात आपल्याला काहीच विशेष वाटणार नाही. तेव्हा ते विलक्षण होते.

१८४६ साली त्यांनी ब्रॉडवेवर पांढऱ्या संगमरवराची इमारत बांधली. लोक तिला संगमरवरी महाल म्हणू लागले. १८६२ मध्ये त्याहून मोठी, ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची दुसरी इमारत दहाव्या रस्त्याजवळ उभी राहिली. ओतीव लोखंड हे त्या काळचे नवे तंत्रज्ञान. जाड भिंतींची गरज उरली नाही, मोठाल्या खिडक्यांतून उजेड भरपूर आला आणि कापडाचा खरा रंग दिसू लागला. तिथे पुढे दोन हजारांपर्यंत माणसे कामाला होती. टपालाने मागणी घेऊन घरपोच माल पाठवण्याचा व्यवसायही त्यांनी उभा केला. घरबसल्या खरेदीचे आजचे जे प्रचंड साम्राज्य आहे, त्याच्या पणजोबांत स्ट्युअर्ट यांची गणना करायला हरकत नाही.

माणूस मात्र सोपा नव्हता. शिस्त कडक, उशिरा येणाऱ्या नोकराला दंड ठरलेला. दुसरीकडे, मायभूमीत विणकरांवर उपासमारीची पाळी आली तेव्हा एक जहाज भरून धान्यपीठ त्यांनी पाठवले आणि परतीच्या फेरीत तिथल्या तरुणांना मोफत अमेरिकेला आणले. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या पत्नी मेरी यांना खरेदीचा शौक होता. व्हाइट हाउसचे गालिचे आणि पडदे घ्यायला त्या स्ट्युअर्ट यांच्याकडे येत, आणि त्यांची उधारीही मोठी असे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि उत्तरेच्या फौजेच्या गणवेशांचे कापड पुरवून स्ट्युअर्ट यांचा धंदा आणखी फुगला. १८६३ मधील त्यांचे उत्पन्न अठरा लाख डॉलरहून अधिक होते. याच युद्धाने आपली मुंबईही सोन्यात न्हाली होती. दक्षिणेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आपल्या कापसाला अचाट भाव आला, आणि त्या पैशावर शेअरांचा जुगार रंगला. १८६५ मध्ये युद्ध संपताच फुगा फुटला. सरकारचे भागभांडवल असलेली बँक ऑफ बॉम्बे शेअरांच्या तारणावर बेसुमार कर्जे देऊन बसली होती. प्रेमचंद रायचंद या त्या काळच्या बाजाराच्या अनभिषिक्त राजाचा बँकेत मोठा वशिला होता. १८६८ मध्ये ती बँक बुडाली आणि तिच्या जागी त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. तिजोरी सांभाळणारे आणि तिजोरीतून उचलणारे एकमेकांच्या फार जवळ आले की काय होते, हे मुंबईने पाहिले त्याला वर्षच झाले होते, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये तोच प्रश्न पुढे आला.

४ मार्च १८६९ रोजी जनरल युलिसिस ग्रँट अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. युद्ध जिंकून देणारा सेनापती. राजकारणाची सवय नाही, आणि राजकारण्यांबद्दल फारसा आदरही नाही. युद्धानंतर कृतज्ञ नागरिकांनी त्यांना घरे भेट दिली होती, न्यूयॉर्कच्या धनिकांनी वर्गणी काढून लाखभर डॉलर जमवून दिले होते. पैसेवाला माणूस म्हणजे कर्तबगार माणूस, हे समीकरण त्यांच्या मनात पक्के बसले होते. आयुष्यात व्यापारात हात घालून स्वतः अपयशी ठरलेल्या माणसाला यशस्वी व्यापाऱ्याबद्दल असे वाटणे अस्वाभाविक नाही. मंत्रिमंडळ त्यांनी शेवटपर्यंत गुलदस्त्यात ठेवले. पक्षातल्या जाणत्यांनाही विचारले नाही.

५ मार्चला, शुक्रवारी, नावे सिनेटपुढे आली. अर्थमंत्री म्हणून स्ट्युअर्ट यांचे नाव होते. निवडणुकीत त्यांनी ग्रँट यांच्या पक्षाला सढळ हाताने मदत केली होती. अमेरिकेत मंत्री होण्यासाठी सिनेटची मान्यता लागते. राष्ट्राध्यक्षाने निवड करायची आणि सिनेटने ती पारखून घ्यायची, अशी ही दुहेरी कुलपाची व्यवस्था. त्या दिवशी पारख कोणीच केली नाही. विजयी सेनापतीचा शब्द मोडायचा कोणी? सगळी नावे एकमताने, त्याच दिवशी मंजूर झाली.

आणि मग कोणीतरी कायद्याचे पुस्तक उघडले.

२ सप्टेंबर १७८९ रोजी, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पहिल्याच वर्षात, अर्थखाते स्थापन करणारा कायदा झाला होता. त्याच्या आठव्या कलमात म्हटले होते की, या खात्याच्या अधिकाऱ्याने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे व्यापारउदीम करू नये, समुद्रावर जाणाऱ्या जहाजाची मालकी ठेवू नये, सरकारी जमीन वा कर्जरोखे घेऊ नयेत. मोडल्यास तीन हजार डॉलर दंड, पदावरून हकालपट्टी, आणि पुन्हा कधीही सरकारी पद नाही. एखाद्या सामान्य नागरिकाने खबर देऊन गुन्हा शाबीत झाला, तर दंडाची निम्मी रक्कम त्याची. नव्या प्रजासत्ताकाच्या कारभाऱ्यांनी माणसाचा स्वभाव ओळखून ठेवलेला होता.

बँकेत उमेदवारी करून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याला हे कलम वाचताना घरच्यासारखे वाटते. आपल्या बँकिंग नियमन कायद्यात विसावे कलम आहे. बँकेने स्वतःच्या संचालकाला, किंवा ज्या पेढीत त्याचे हितसंबंध आहेत तिला, कर्ज देऊ नये, असे ते सांगते. संचालक चोर असतो असे त्या कलमाला म्हणायचे नसते. मोह होण्याची जागाच ठेवू नये, एवढेच म्हणायचे असते. आमच्याकडे कारकुनालाही परवानगीवाचून बाहेर धंदा करता येत नसे, तेव्हा त्याचा राग येई. आता ते शहाणपण कळते.

स्ट्युअर्ट यांच्या बाबतीत तर मोहाची जागा चांगली ऐसपैस होती. त्या काळी केंद्र सरकारच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा आयातीवरच्या जकातीतून येई, आणि जकातखाते अर्थमंत्र्यांच्या हाताखाली. स्ट्युअर्ट हे देशातल्या सर्वांत मोठ्या आयातदारांपैकी एक. म्हणजे ज्याच्या पेट्या बंदरात उघडून तपासायच्या, तोच तपासनिसाचा साहेब. आणखी एक गोम होती. जकात सोन्यात भरावी लागे, तर दुकानातली विक्री कागदी नोटांत होई. सोन्याचा भाव वर गेला की आयातदाराचा खर्च वाढे, खाली आला की वाचे. आणि सरकारी सोने बाजारात केव्हा विकायचे, हे ठरवणारा माणूस कोण? अर्थमंत्री! लबाडीचा विचारही मनात न आणता, नुसत्या एका सहीने, त्याच्या दुकानाचे लाखो डॉलर इकडचे तिकडे झाले असते.

६ मार्चला ग्रँट यांनी सिनेटला लेखी विनंती केली, की स्ट्युअर्ट यांना या कलमातून सूट द्यावी. सिनेटर जॉन शेर्मन यांनी लगेच तसे विधेयक मांडण्याची तयारी दाखवली. सर्वांची संमती असती तर काम तिथेच उरकले असते. पण मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स समनर यांनी हरकत घेतली. गुलामगिरीविरुद्ध बोलल्याबद्दल १८५६ साली याच सभागृहात डोक्यावर काठीचे घाव सोसलेला हा माणूस. नव्या राष्ट्राध्यक्षाची भीड त्याला पडण्यासारखी नव्हती, शिवाय तो ग्रँट यांच्याच पक्षाचा होता. इतक्या महत्त्वाच्या कायद्याला घाईने भोक पाडू नये, आधी नीट विचार व्हावा, एवढेच त्यांचे म्हणणे. त्या एका हरकतीने गाडा अडला.

स्ट्युअर्ट यांना पद हवे होते. पैशासाठी नव्हे. मंत्र्याचा पगार वर्षाला आठ हजार डॉलर, आणि त्यांचे एका वर्षाचे उत्पन्न त्याच्या दोनशे पटींहून जास्त. आयर्लंडहून आलेल्या पोरक्या मुलाला, न्यूयॉर्कच्या जुन्या घराण्यांनी नुसता दुकानदार म्हणून नाक मुरडलेल्या माणसाला, देशाने मान द्यावा असे वाटत होते. त्यांनी तोड सुचवली. सगळा धंदा विश्वस्तांच्या हाती देतो, आणि मंत्रिपदाच्या काळातला सगळा नफा शहरातल्या धर्मादाय कामांना देतो. देणगी लाखो डॉलरची झाली असती. प्रस्ताव उदार होता यात शंका नाही. पण नफा दान केला तरी दुकान त्यांचेच राहणार होते. त्याची पत, त्याचे गिऱ्हाईक, त्याची वाढलेली किंमत हे सारे मुदत संपल्यावर मालकाची वाट पाहत उभे असते. कायद्याचा रोख नफ्याच्या वाटपावर नव्हता, दोन खुर्च्यांवर एकदम बसण्यावर होता.

९ मार्चला ग्रँट यांनी विनंती मागे घेतली. स्ट्युअर्ट बाजूला झाले आणि जॉर्ज बाउटवेल अर्थमंत्री झाले. ज्याने आयुष्यभर गिऱ्हाइकाला सूट नाकारली, त्याच्यासाठी देशाच्या राष्ट्राध्यक्षाने कायद्याकडे सूट मागितली, आणि कायद्याने ती नाकारली. समनर यांनी दुकानदाराला त्याच्याच पाटीची आठवण करून दिली, असे म्हटले तरी चालेल.

इथे गोष्ट संपली असती तर बोधकथा झाली असती. इतिहास इतका सरळ नसतो. त्याच मंत्रिमंडळात फिलाडेल्फियाचे श्रीमंत व्यापारी अ‍ॅडॉल्फ बोरी नौदलमंत्री झाले. ते कलम फक्त अर्थखात्यापुरते, त्यामुळे त्यांना कोणी अडवले नाही. आणि सहाच महिन्यांनी जे घडले, त्यात कोणी मंत्री नव्हताच. जे गूल्ड आणि जेम्स फिस्क या रेल्वेसम्राटांनी बाजारातले सोने गोळा करून भाव चढवण्याचा डाव रचला. सरकारने सोने विकू नये यासाठी त्यांनी ग्रँट यांचे मेहुणे एबल कॉर्बिन यांना हाताशी धरले. कॉर्बिन यांच्याकडे कसलेही पद नव्हते, सिनेटने त्यांना कधी पारखलेले नव्हते. त्यांची पात्रता एकच, राष्ट्राध्यक्षांच्या जेवणाच्या टेबलावर त्यांना जागा होती. त्यांच्याच वशिल्याने न्यूयॉर्कच्या सरकारी खजिन्यावर डॅनियल बटरफील्ड आले. ग्रँट यांच्यासाठी लाखभर डॉलरची ती वर्गणी गोळा करणारे हेच गृहस्थ. त्यांनी गूल्डकडून दहा हजार डॉलर घेतले. २४ सप्टेंबर १८६९ च्या शुक्रवारी सोन्याचा भाव १६० डॉलरवर गेला. ग्रँट यांनी उशिरा का होईना डाव ओळखला, बाउटवेल यांनी चाळीस लाख डॉलरचे सोने विक्रीला काढले आणि भाव कोसळला. कित्येक दलाल रस्त्यावर आले. पुढच्या दारावर पहारा होता. लोक मागच्या दाराने स्वयंपाकघरापर्यंत पोचले होते.

स्ट्युअर्ट पुन्हा दुकानाकडे वळले. त्याच वर्षी त्यांनी लाँग आयलंडवर सात हजार एकरांहून अधिक माळरान विकत घेतले आणि तिथे गार्डन सिटी हे आखीव गाव वसवायला घेतले. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर राहण्यासाठी संगमरवरी वाडा बांधला. १० एप्रिल १८७६ रोजी ते वारले, तेव्हा मागे सुमारे चार कोटी डॉलरची संपत्ती होती आणि वारस मूल एकही नव्हते. कारभार हेन्री हिल्टन या वकील मित्राकडे गेला आणि सहा वर्षांत पेढी बंद पडली. त्याआधी १८७८ मध्ये चोरांनी खंडणीसाठी चर्चच्या आवारातून स्ट्युअर्ट यांचा मृतदेहच पळवला. जिवंतपणी ज्याने एका पैशाची घासाघीस होऊ दिली नाही, त्याच्या अस्थींसाठी बोली लागावी, याला काय म्हणावे?

लोखंडी इमारतीचे ते दुकान १८९६ मध्ये जॉन वॉनामेकर यांनी घेतले. हेही मोठे दुकानदार. १८८८ च्या निवडणुकीत त्यांनी बेंजामिन हॅरिसन यांच्यासाठी निधी जमवला आणि १८८९ मध्ये ते टपालखात्याचे मंत्री झाले. टपालखात्याच्या दारावर ती पाटी नव्हती. १९२१ मध्ये अँड्र्यू मेलन हे बँका, तेल आणि अ‍ॅल्युमिनियमचे धनी अर्थमंत्री झाले. त्यांनी संचालकपदांचे राजीनामे दिले, पण भाग आपल्याकडे ठेवले. ऐन मंदीत, १९३२ च्या जानेवारीत, याच जुन्या कलमाच्या आधारे त्यांच्यावर महाभियोगाची मागणी झाली, आणि पुढच्याच महिन्यात लंडनमध्ये राजदूत म्हणून त्यांची नेमणूक झाली.

आज सिनेटची पारख १८६९ पेक्षा कितीतरी कसून होते. १९७८ च्या कायद्यापासून नियोजित मंत्र्याला आपली मालमत्ता जाहीर करावी लागते, हितसंबंध कसे सोडणार ते लिहून द्यावे लागते, समितीपुढे तासन् तास उत्तरे द्यावी लागतात. पण मंत्रीच व्हायचे नाही असे ठरवले तर? मस्क यांनी २०२४ च्या निवडणुकीत पंचवीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली. त्यांच्या स्पेसएक्स कंपनीकडे नासाची आणि संरक्षण खात्याची मोठी कंत्राटे. सरकारी खर्चाच्या कपातीचे काम त्यांच्याकडे आले ते तात्पुरत्या विशेष कर्मचाऱ्याच्या नात्याने. त्यासाठी सिनेटपुढे जावे लागले नाही. मे २०२५ च्या अखेरीस ते त्या कामातून बाहेर पडले. त्यांनी काय केले, चांगले की वाईट, यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे भरपूर आहेत. माझे लक्ष दाराकडे जाते. स्ट्युअर्ट पुढच्या दाराने आले, नाव सांगून आले, म्हणून अडले.

ते १७८९ चे कलम थोड्या बदललेल्या शब्दांत अमेरिकेच्या कायद्यात अजून आहे. दंड तेव्हा तीन हजार डॉलर होता, आजही तीन हजारच आहे. खबर देणाऱ्याचा निम्मा वाटाही कायम. दोनशेहून अधिक वर्षांत सगळ्या जगाचे भाव वाढले, या एका पाटीवरचा आकडा कोणी बदललेला नाही.